बुधवारचा जनाना खेळ

सिनेमाची फीत तुटली आणि थेटरातले दिवे लागले तेव्हा मी ओरडत होते. "कडी काढ ना! आतून आहे ती, आतून!" असं मी पडद्यावरच्या बाईला सांगत होते. पहिलं 'आतून' अंधारात गेलं, पण दुसरं लख्ख उजेडात बाहेर पडलं. सगळा जनाना वळून माझ्याकडे पाहायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "हे पोट्टी त्या बाईची मावशी होय काय?" आणि बायका खिदळल्या. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, नाकातूनही वाहत होतं, पण मी लाजले नाही. हल्ली मी लाजत नाही. मी वळून तिला काहीतरी झणझणीत उत्तर देणार होते, तेवढ्यात डाव्या बाजूनं एक हात आला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, वर चांदीचा गोठ. त्या हातानं माझी हनुवटी धरली आणि माझा चेहरा दिव्याकडे वळवला. आमच्या खामगावच्या बाजारात व्यापारी कापसाचा पुंजका चिमटीत घेतो, हळूच ओढून तंतू किती लांब निघतो ते उजेडात पाहतो, अगदी तसा. मग त्या बाईनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले. "माय माय माय," ती म्हणाली, "किती वं हळवी पोट्टी!" आणि हे ती मला म्हणालीच नाही. माझ्या डोक्यावरून, माझ्या उजवीकडे बसलेल्या आईला म्हणाली. आईनं मान खाली घातली. आई भांडणात हरली की मान वर ठेवते. मान खाली घालते ती फक्त काहीतरी लपवून केलं असेल तेव्हा.

दिवे गेले. फीत जोडली गेली, पडद्यावरची बाई पुन्हा कडीवर हात ठेवून गाऊ लागली, पण मला आता काहीच दिसत नव्हतं. शाळेतून मला अर्ध्या दिवसाची रजा का काढायला लावली? तेल लावून घट्ट वेणी का घातली? परकर-पोलक्यावर हिंडणाऱ्या मला आईनं स्वतःची जांभळी साडी का नेसवली? आणि मुळात आई, जी सिनेमाला अंधारातले धंदे म्हणते, ती आपणहून "चाल, आज सिनेमाले जाऊ" असं का म्हणाली? खेळ सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्या बायका "सरक वं, सरक" करत शेजारी घुसतात, तसा एकेक प्रश्न येऊन माझ्याजवळ बसायला लागला. सगळ्यांची दाटी झाली आणि मला श्वास घ्यायला जागा राहिली नाही. मी सिनेमा पाहायला आलेच नव्हते. मला पाहायला आणलं होतं.

आमचं थेटर म्हणजे एका शेटजीचा जुना कापसाचा जिन. सरकी काढायची यंत्रं केव्हाच विकली, भिंतींना चुना मारला, एका टोकाला पडदा ताणला. पण कापूस काही जात नाही. तुळयांवर, कौलांच्या फटींत वर्षानुवर्षांचा कापूस बसलेला आहे. खेळ सुरू झाला की यंत्राच्या झोतात त्याचे तंतू तरंगताना दिसतात, आणि सिनेमातल्या माणसांच्या तोंडावर सदा भुरभुर पडत असते. दर बुधवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ. दारावर सोजराबाई बसते, आतून कडी घालून. कुणा पुरुषानं दार वाजवलं की ती आतूनच ओरडते, "बायकोले नेयाले आला काय रे? रडू दे तिले मनभर, मंग ने!" रडायलाच येतात बायका. बाकाखाली हरवलेली चप्पल, कडेवरचं पोर, घरी राहिलेलं दळण, सगळं विसरून रडतात. माझी मैत्रीण बिलकिस नेहमी म्हणते, "हँसने वाला खेल लगा तो जनाना खाली." तिला ठाऊक असणारच, तिचे अब्बा अब्दुल गनी यंत्र चालवतात. तिच्यामुळे मी कितीतरी खेळ यंत्राच्या खोलीतल्या लहान खिडकीतून फुकट पाहिलेत. आणि जेवढे पाहिले त्या सगळ्यांत एकच गोष्ट. कुणाच्या हातात काही नसतं. श्रीमंत हिरो असला तरी बापापुढे त्याचं चालत नाही, मग तो दारू पितो नाहीतर खोकतो. बाई असली तर गाते आणि मरते. मी एकदा बिलकिसला म्हटलं, या लोकांना गाण्याशिवाय काही येतच नाही का गं? ती म्हणाली, "उनको आता तो बहुत है. मगर चार बजे के खेल में भी मरती है, सात बजे के में भी मरती है. तू कितना भी चिल्ला."

या खेळातली बाई तर कहर होती. अनाथ पोर, मामानं एका म्हाताऱ्या जहागीरदाराला द्यायची ठरवलेली. लग्नाच्या आदल्या रात्री ती खोलीत एकटी. बाहेर पिंपळाखाली गावचा तरुण मास्तर गाडी जुंपून उभा. मामा ढाराढूर. कुत्रंसुद्धा भुंकत नाही. आणि दाराची कडी आतून! ती कडीवर हात ठेवते, आणि गायला लागते. मी पाहत होते तिच्या बोटांकडे. अख्खं गाणं ती त्या कडीवरून बोटं फिरवत होती. शेवटचा सूर संपतो, हात खाली येतो, आणि ती जाऊन पलंगावर बसते. पुढं सगळं होतं ते होतंच, म्हातारा, सवत, लेकरू जाणं, शेवटी नदी. पण मी नदीपाशी रडलेच नव्हते. मी कडीपाशी रडले, रागानं. इतक्या रागानं की तिला खांदे धरून गदागदा हलवावं. ते माझं रागाचं पाणी त्या हिरव्या बांगड्यांच्या बाईनं आपल्या पदरानं टिपून घेतलं आणि घरी नेलं.

तिचं नाव रुखमाबाई. हे मला घरी गेल्यावर कळलं. मेहकरकडचं तालेवार शेतकऱ्याचं घर. तिचे यजमान हिंमतराव यांच्या कापसाच्या गाड्या हंगामात खामगावच्या बाजाराला येतात, आणि बाबा म्युनिसिपालटीच्या जकात नाक्यावर कारकून, म्हणून ओळख. मुलाचं नाव शेषराव. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि मी दारात उभी राहून, हात कमरेवर, एकेक प्रश्न विचारत होते. ती भाकरीकडे पाहून उत्तरं देत होती. "दाखवायचंच होतं तर सरळ दाखवायचं होतं," मी म्हटलं, "पाटावर बसवायचं, सुई ओवायला लावायची, चालवून पाहायचं. मी लंगडत चालले असते." आई म्हणाली, "म्हनूनच." तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं, ते तिनं परतवलं. "रुखमाबाई म्हनतात, पोट्टी पाटावर बसवली का नाटक करते. थेटरात नाटक पडद्यावर असते, बायकात नसते. अंधारात खरं मानूस दिसते. त्याईनं थोरली सून बी अशीच पाह्यली, जालन्याले नेऊन. जे रडते तेच घर धरून राह्यते म्हनतात." मी म्हटलं, "मी रडत नव्हते, मला राग आला होता!" आईनं भाकरी उलटली. "डोयातून पानीच निघालं ना? मंग."

मी कशी झाले आहे ते मला सांगायचं आहे, कारण नाहीतर ही सगळी गोष्ट कुणालाही मामुली वाटेल. आमच्या वर्गातल्या किती मुली गेल्या, पाट्या ठेवून, खडू ठेवून, एक तर डब्यातली अर्धी भाकरी ठेवून गेली. मीही तशीच गेले असते, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा मी बोलायचे ते पोलक्याच्या गळ्यात. पण यंदा दसऱ्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या इन्स्पेक्टरीणबाई तपासणीला आल्या. त्यांनी वर्गाला विचारलं, नदीला पूर का येतो? सगळ्या गप्प. माझा हात वर गेला. मी पाठवला नव्हता, तो गेला. आणि मी बोलले, बाप्पा, काय बोलले! पूर्णा नदी, डोंगर, झाडं तोडणं, काळी माती पाणी कशी पिते आणि पोट भरलं की कशी थुंकते. इन्स्पेक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ही मुलगी मॅट्रिक झाली की नागपूरला पाठवा." त्या दिवसापासून माझा आवाज मला सापडला. मी संमेलनात भाषण केलं, मुख्याध्यापिकांची नक्कल त्यांच्यासमोर केली, शाळेसमोर सायकलवरून शीळ घालणाऱ्या एका पोट्ट्याला "आधी चेन चढव रे!" म्हणाले, आणि त्याची चेन खरंच उतरली होती. मला वाटायला लागलं की मी बोलले की जग थोडं सरकतं. आणि आता एका बाईनं माझी हनुवटी धरली होती, आणि काहीच सरकत नव्हतं.

बाबांशी मी दुसऱ्या दिवशी बोलले, ते नाक्यावर निघायच्या वेळी. "मला नववी करायची आहे, मॅट्रिक करायची आहे, नागपूरला जायचं आहे," असं एका दमात. बाबा टोपी हातात फिरवत राहिले. ते वाईट नाहीत. कधी हात उचलला नाही, माझ्या भाषणाला मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवल्या. "हिंमतरावांनी शब्द टाकला," ते म्हणाले. "असं घर पुन्हा येत नाही बेटा. आन मले नाही म्हनताच येत नाही कोनाले. माह्या हातात काय हाये?" मला हसू फुटलं. बाबांचं काम काय, तर आडवा बांबू टाकून गाड्या अडवायच्या! दिवसभर ते गाड्या अडवतात आणि ही एक गाडी सरळ घरात येत होती. मुख्याध्यापिका घरी आल्या, चहा प्याल्या, बाबांशी बोलल्या, आणि जाताना मला दारात म्हणाल्या, "मी सांगून पाहिलं कोकिळा. माझ्या हातात काय आहे?" आईला विचारलं तर, "माह्या हातात काय हाये वं?" मला वाटायला लागलं की मी अजून थेटरातच बसले आहे, दिवे लागलेच नाहीत, आणि माझ्या भोवतीची सगळी माणसं त्या कापसाच्या भुरभुरीतून बोलत आहेत, ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

निर्णय अजून झाला नव्हता, एवढाच एक धागा. रुखमाबाईंच्या थोरल्या जाऊबाई शालूबाई, यांचा त्या घरात शेवटचा शब्द. त्या पुढच्या बुधवारी येणार, खेळ पाहणार, मला पाहणार, मग ठरणार. खेळ बदलू दे, असं मी म्हणत होते, हसायचा लागू दे, लढाईचा लागू दे. बिलकिस शाळेत येऊन म्हणाली, "नहीं बदलता. बहुत पब्लिक है. अब्बा बोले, और एक हफ्ता." मी तिच्या गच्चीवर गेले. खाली तिची आई मिरच्या वाळवत होती, आम्ही वरच्या कठड्याशी. मी म्हटलं, आपण तो खेळ बरोबर करू. तू दार हो. बिलकिस हात पसरून दार झाली, तोंड गंभीर, एक डोळा मिचकावत. मी कडी काढली. तिच्या मनगटातली बांगडी सरकवली, तीच कडी. दार उघडलं आणि मी बाहेर पडले, म्हणजे गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. "अब?" बिलकिसनं दाराच्या आवाजात विचारलं. "आता गाडीत बसायचं." "गाड़ी में कौन है?" "मास्तर." "तेरा मास्तर किधर है?" मला कोणी मास्तर नाही. मला मास्तर नकोच आहे. "मीच हाकीन गाडी," मी म्हटलं. "किधर?" "नागपूरला." "वहाँ किसके घर उतरेगी?" मी उभी राहिले. ऊन कपाळावर, मिरच्यांचा ठसका नाकात, खाली कापसाच्या गाड्यांचा करकर आवाज. मला नागपूर दिसेना. एक शब्द होता तो, वर्गाच्या भिंतीवरच्या नकाशातला मोठा ठिपका, आणि त्या ठिपक्यात कुठे दार नव्हतं, अंगण नव्हतं, कुणी "ये" म्हणणारं नव्हतं. इन्स्पेक्टरीणबाई होत्या, पण त्या "पाठवा" म्हणाल्या होत्या. मला नव्हत्या म्हणाल्या, मुख्याध्यापिकांना म्हणाल्या होत्या. बिलकिसचे हात दुखले असतील, तिनं ते खाली घेतले. "रो मत," ती म्हणाली, "मैं तो बस दरवाज़ा थी."

मग आम्ही दुसरा बेत केला. रडायचं नाही. रडलेच नाही तर मी त्या घरासाठी बिनकामाची. बिलकिसनं खूप उपाय सांगितले, जिभेखाली लवंग धर, पाढे म्हण, मांडीला चिमटा काढ. मी म्हटलं, नुसतं रडायचं नाही कशाला, मी हसेन. सगळा जनाना हुंदके देत असताना मी खो-खो हसेन. शालूबाई म्हणतील, ही पोट्टी दगड आहे, उठा. आम्ही तालीम केली. बिलकिस ते गाणं म्हणायची, मुद्दाम बकरीच्या आवाजात, आणि मी हसायचे. पहिल्यांदा खोटं हसले, मग खरंच हसू यायला लागलं, पोट धरून, आणि त्या दोन-तीन दिवसांत मला पुन्हा वाटायला लागलं की माझ्या हातात आहे काहीतरी. हसू माझं आहे ना? डोळे माझे आहेत ना? घर बाबांचं, शब्द हिंमतरावांचा, पण डोळ्यातलं पाणी तरी माझ्या मालकीचं असेल! रात्री अंथरुणात मी ओठ दाबून हसून पाहायचे. शेजारी आई कूस बदलायची. मला वाटायचं ती झोपली आहे.

बुधवारी पुन्हा जांभळी साडी. सोजराबाईनं दारात मला ओळखलं. "आली का वं मावशी? आज तरी काढते काय कडी?" शालूबाई माझ्या पुढच्या बाकावर, पडदा आणि मी दोन्ही दिसावं अशा थोडं वळून बसलेल्या. पांढरे केस, पण पाठ ताठ. रुखमाबाई माझ्या डावीकडे. उजवीकडे आई. लवंग जिभेखाली. दिवे गेले, यंत्राची खरखर, झोतात कापसाचे तंतू, वर कुठेतरी बिलकिसचे अब्बा. अनाथ पोर, मामा, जहागीरदार. मी पाढे म्हणत होते. बायका आतापासूनच नाकं ओढायला लागल्या होत्या. रुखमाबाईंनी माझा हात हातात घेतला, सहज, जसं आई लेकीचा घेते. त्यांचा तळवा खरखरीत होता, कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी भेगाळलेला. तालेवार घर, तरी वेचणीला जाते ही बाई, असं मनात आलं आणि मी ते झटकलं. रात्र झाली. म्हणजे पडद्यावर. पिंपळ, गाडी, बैल. ती बाई दारापाशी आली आणि कडीवर हात ठेवला. मला हसायचं होतं. मी बकरी आठवली. हसू घशापर्यंत आलं, खरंच आलं होतं. पडद्याकडे पाहायचं नाही म्हणून मी तोंड उजवीकडे वळवलं, आणि आई दिसली.

सगळ्या बायका रडत होत्या, आई रडत नव्हती. ती बाकाच्या अगदी कडेला आली होती, दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची पाठ धरून. पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत होता. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं गाणं म्हणते आहे. मी कान जवळ नेला. "काढू नको," आई म्हणत होती. "काढू नको वं माय. काढू नको. कुठी जाशीन? काढू नको." ती त्या बाईला विनवत होती. गाणं लांबत होतं आणि आईचे पंजे बाकावर पांढरे पडले होते, भीतीनं, ती बाई कडी काढेल की काय या भीतीनं, जशी काही रोज चारला आणि सातला ती कडी काढू शकते, आणि आज आईच्या समोर काढणार आहे, आणि बाहेर अंधार आहे, आणि त्या अंधारात काय काय आहे ते आईला पक्कं माहीत आहे. केव्हा आईनं आपला हात कडीवर ठेवला असेल? बाबांच्या घरी? मी पोटात असताना? की आधी, आजोळी, माझ्याएवढी असताना? मी कधी विचारलं नव्हतं. मी तिला फक्त माझे प्रश्न विचारले होते, कमरेवर हात ठेवून. पडद्यावरचा हात खाली आला. ती जाऊन पलंगावर बसली. आणि आईनं श्वास सोडला, सुटल्याचा, वाचल्याचा श्वास, आणि बाकाची पाठ सोडून मागे टेकली. माझ्या घशातलं हसू तिथंच फुटलं आणि त्यातून जे बाहेर आलं ते हसू नव्हतं. मी आवाज दाबायला गेले, लवंग दातांत आली, तोंडभर तिखट, आणि मी इतकी रडले, इतकी रडले की पुढच्या बाकावरच्या शालूबाई पूर्ण वळल्या. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

खेळ सुटला तेव्हा बाहेर ऊन पांढरं होतं. थेटरच्या आवारात चारच्या खेळाचे पुरुष जमायला लागले होते, म्हणून आम्ही मागच्या बाजूला, जुन्या वजनकाट्याच्या ओट्यापाशी उभ्या राहिलो. शालूबाई म्हणाल्या, "झालं. भर वटी." आणि रुखमाबाईंनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, गव्हाची पुडी, हळद-कुंकवाची डबी. सगळं आणलेलंच होतं. आई माझ्या मागे उभी होती. मला वाटलं, आता. आता नाही तर कधीच नाही. मी इन्स्पेक्टरीणबाईंसमोर काढला होता तो आवाज काढला. "मला काही सांगायचं आहे," मी म्हटलं. "मी मागच्या बुधवारी रडले ते हळवी म्हणून नाही. मला त्या बाईचा राग आला होता. मला फार राग येतो. मी तुमच्या घरी सोशीकपणानं राहणार नाही."  मागे आईनं "कोकिळे!" म्हटलं. शालूबाईंनी भुवया उंचावल्या. रुखमाबाई मात्र शांतपणे डबीचं झाकण उघडत राहिल्या.

"ठाऊक हाये मले," त्या म्हणाल्या. "तू ओरडली ना, तवाच समजलं. त्या बाईची दया येनाऱ्या पोट्ट्या लय पाह्यल्या मी. दया येनारी वर्षाच्या आत माहेरी जाऊन बसते. आन नुसता राग येनारी विहीर पाह्यते. जिले राग येते आन त्याचं पानी होते, ते राह्यते." त्यांनी कुंकवात बोट बुडवलं. "माह्या लग्नाच्या वक्ती मले बी रागच आला होता. अजून येते."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज आता लहान झाला होता, पोलक्याच्या गळ्यातला.

"मंग काय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर कसलाच खोटेपणा नव्हता, तेच भयंकर होतं. माझ्याकडे पाहताना त्यांना बरं वाटत होतं, ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं. "मंग राह्यली."

बोट कपाळाला लागलं. गार. "पदर पसर," शालूबाई म्हणाल्या. "नीट धर. आमच्या घरात वटी सांडली तं सोयरीक तिथंच मोडते. मांगच्या साली एकीची सांडली, तं आम्ही तशेच गाडीत बसलो." मी ते ऐकलं. स्पष्ट ऐकलं. माझ्या दोन्ही हातांत जांभळ्या साडीचा पदर होता, एक टोक एका मुठीत, दुसरं दुसऱ्या. काहीच करायचं नव्हतं. बोलायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं, नागपूर दिसायची गरज नव्हती. बोटं सैल सोडायची, बस, आणि चूक कुणाचीच नसती. बाबांना नाही म्हणावं लागलं नसतं, आईला मान खाली घालावी लागली नसती, उद्या मी वर्गात असते. मी माझ्या हातांना सांगितलं, सोडा. रुखमाबाईंनी खण ठेवला. सोडा. मग नारळ ठेवला, जड, आणि पदर खाली ताणला. सोडा, आता सोडा. मग त्यांनी ओंजळ भरून गहू घातले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि दाणे खणाच्या घड्यांतून घरंगळत कडेला यायला लागले. मागून आई पुढे सरकली आणि तिनं माझ्या कोपरांना खालून हात लावला.

त्याची गरज नव्हती. माझी बोटं आधीच आवळली होती, नखं तळव्यात रुतेपर्यंत. कडेला आलेले दाणे मी स्वतःच, पदर किंचित हलवून, आत घेतले. एकही खाली पडला नाही.